चष्म्याची किंमत नेमकी कशाची? सेवाग्राम ते शूटिंग रेंज

(एपिसोडचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी, आणि ऐकून झाल्यावर आकडे परत बघायचे असतील त्यांच्यासाठी.)

 हेडफोन लावलेत ना? मग सुरू करूया.

आजचा विषय मला माझ्या मामेभावाने दिला. तो एकोणीस वर्षांचा आहे, वर्ध्यात राहतो, आणि पॅरिस ऑलिम्पिक बघितल्यापासून त्याच्या डोक्यात एअर पिस्तूल बसलंय. मामाच्या घरामागे जुना गोठा आहे. आता तिथे गुरं नाहीत. यानं टेप घेऊन दहा मीटर मोजले, भिंतीला प्लायवूड ठोकलं, त्यामागे लोखंडी पत्रा लावला, झाली रेंज तयार. ऑनलाइन ३९९ रुपयांचा 'शूटिंग ग्लासेस' नावाचा पिवळा चष्मा मागवला. फोटोत एकदम प्रो दिसत होता.

एक दिवस प्लायवूडला आधीच पडलेल्या भोकातून छर्रा आत गेला, सरळ पत्र्यावर आपटला आणि परत आला. पूर्ण छर्रा नाही, त्याचा चपटा झालेला तुकडा. तो उजव्या काचेच्या कडेला लागला आणि काच फ्रेममधून निघून आत आली. काच फुटली नाही, निघाली. तिच्या कडेनं भुवईखाली कापलं. डोळा वाचला, पण अर्ध्या सेंटीमीटरनं.

रात्री फोन आला. रडका आवाज, तरी प्रश्न हाच: "दादा, आता चांगला चष्मा घेतो म्हणतो. पण एक तीनशेचा, एक तीन हजाराचा, एक तीस हजाराचा. चष्मा तर चष्माच असते ना? काहून एवढा फरक?"

मला उत्तर येत नव्हतं. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, माझ्याच नाकावर चष्मा आहे, आणि त्याची किंमत कशी ठरते हे मला माहीत नव्हतं. मग वाचत गेलो. त्यातून हा एपिसोड झाला.

आपल्याच जिल्ह्यातला सगळ्यात महाग चष्मा

सुरुवात वर्ध्यापासूनच करू. चष्म्याच्या किमतीची सगळ्यात विचित्र गोष्ट आपल्याच जिल्ह्याशी जोडलेली आहे.

गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले. आपलं वर्ध्याजवळचं शेगाव, गजानन महाराजांचं नाही. दोन्ही नावांचा घोळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये नाव सेवाग्राम झालं. शाळेच्या सहलीत तुम्ही सगळे बापू कुटीत गेला असाल. तिथे त्यांच्या वापरातल्या मोजक्या वस्तू ठेवलेल्या असतात. त्यातला गोल चष्मा चोरीला गेला. २०११च्या जून महिन्यात ही बातमी सगळीकडे आली, तेव्हा तो जाऊन काही महिने झाले होते.

आता विचार करा. त्या चष्म्यात काय होतं? धातूची बारीक फ्रेम, दोन काचा. वस्तू म्हणून त्याची किंमत त्या काळीही फार नव्हती. पण २००९च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये एक लिलाव झाला होता. त्यात गांधीजींचा एक चष्मा, चपला, खिशातलं घड्याळ, वाटी आणि ताट हे सगळं मिळून १८ लाख डॉलरला गेलं. तेव्हाच्या हिशोबानं सुमारे नऊ कोटी रुपये. बोली लावली होती विजय मल्ल्याने. दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्या माणसाचा चष्मा दारूच्या व्यापाऱ्यानं घेतला, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली.

मग २०२०. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या एका लिलाव कंपनीच्या पत्रपेटीत एका साध्या पाकिटात एक चष्मा सापडला. सोबत चिठ्ठी, की हा गांधींचा आहे. अंदाज होता १० ते १५ हजार पौंडांचा. २१ ऑगस्टला तो गेला २ लाख ६० हजार पौंडांना, म्हणजे सुमारे अडीच कोटी रुपये.

या चष्म्यातून दिसायचं किती चांगलं? तर एका विशिष्ट माणसाचा विशिष्ट नंबर असलेल्यालाच दिसायचं. बाकी कुणाच्या उपयोगाचा नाही. म्हणजे अडीच कोटीतला जवळपास प्रत्येक रुपया हा गोष्टीचा होता, काचेचा नाही.

हे टोकाचं उदाहरण मुद्दाम दिलं. कारण दुकानातल्या प्रत्येक चष्म्याच्या किमतीत दोन भाग असतात: एक काचेचा, एक गोष्टीचा. लोगो ही गोष्ट आहे. 'मिलिटरी ग्रेड' हे शब्द गोष्ट आहेत. 'ऑलिम्पिक' हा शब्द गोष्ट आहे. आपल्याला शोधायचंय ते एवढंच, की काचेचा भाग कुठे संपतो आणि गोष्टीचा कुठे सुरू होतो.

काच आली कुठून

थोडा इतिहास. चष्मा तेराव्या शतकाच्या शेवटी उत्तर इटलीत निघाला. जोर्दानो दा पिसा नावाच्या धर्मोपदेशकानं १३०६ मध्ये प्रवचनात सांगितलं होतं, की ही कला निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. म्हणून साल साधारण १२८६ धरतात.

आपल्याकडे? इथे एका मराठी अभ्यासकाचं नाव घ्यायलाच हवं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर प. कृ. गोडे. या माणसानं अत्तरापासून जिलबीपर्यंत असंख्य साध्या वस्तूंचा इतिहास जुन्या पोथ्यांमधून शोधला. चष्म्याचाही. त्यांना सापडलेला सगळ्यात जुना उल्लेख विजयनगरच्या काळातला, साधारण १५२०च्या आसपासचा. व्यासराय या माध्व यतींच्या संस्कृत चरित्रात ते चष्म्यातून पोथी वाचताना दिसतात. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये, आणि विजयनगरशी त्यांचा संबंध होताच. त्यामुळे या दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात.

तेव्हापासून कित्येक शतकं चष्मा म्हणजे वाचण्याची वस्तू. डोळ्याला मार लागू नये म्हणून चष्मा, ही कल्पना फार उशिरा आली. कारण उघड आहे: काच स्वतःच धोका होती. बंदूक चालवताना समोर काही फुटलं तर काचेचे तुकडे डोळ्यात जायचे.

यावरचा पहिला मोठा तोडगा फ्रान्समधून आला. एदुआर बेनेदिक्तुस या रसायनशास्त्रज्ञानं दोन काचांमध्ये चिकट थर घालून न विखुरणारी काच बनवली आणि १९०९ मध्ये पेटंट घेतलं. आजच्या गाडीच्या समोरच्या काचेची ही आजी. पण चष्म्यासाठी ती जाड आणि जड.

१९३०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बॉश अँड लोम्ब कंपनीनं रे-बॅन नावाखाली वैमानिकांचा चष्मा बाजारात आणला. त्याच सुमारास नेमबाजांसाठी 'शूटर' नावाचं मॉडेल आलं, फिकट पिवळ्या काचेचं. माझ्या मामेभावाच्या ३९९च्या चष्म्याचा पिवळा रंग हा त्याचा दूरचा वारस आहे. पण ती काच होती, आणि तिचं मुख्य काम कॉन्ट्रास्ट वाढवणं हे होतं.

तीन प्लास्टिकं

खरी क्रांती झाली ती प्लास्टिकनं. इथे तीन नावं लक्षात ठेवा, दुकानात उपयोगी पडतील.

पहिलं, सीआर-३९. १९४०च्या सुमारास अमेरिकेत बनलं, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांच्या इंधनटाक्यांसाठी वापरलं गेलं, आणि १९४७ मध्ये त्याच्या चष्म्याच्या काचा निघाल्या. वजनाला काचेच्या जवळपास निम्मं. आपल्या साध्या नंबरच्या चष्म्यात बहुतेक वेळा हेच असतं. दिसायला उत्तम. पण जोराचा मार लागला तर फुटतं.

दुसरं, पॉलिकार्बोनेट. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत हेरमान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स, दोघांनी स्वतंत्रपणे शोधलं. एकाच वर्षी दोन देशांत दोघांनी सेम फीचर रिलीज केल्यासारखं. हे प्लास्टिक तुटण्याऐवजी वाकतं, दबतं, मार पिऊन टाकतं. अपोलो मोहिमेतल्या अंतराळवीरांच्या डोक्यावरचा तो पारदर्शक गोल घुमट याचाच होता. शिवाय अतिनील किरणं ते जवळपास सगळी अडवतं, कोटिंग न करता.

मग यात वाईट काय? दोन गोष्टी. एक, मऊ आहे, लगेच चरे पडतात, म्हणून वर कडक थर द्यावाच लागतो. दोन, रंग फाकतात. हे जरा नीट सांगतो.

पांढरा प्रकाश भिंगातून जाताना थोडा इंद्रधनुष्यासारखा फाकतो. किती फाकतो ते मोजायला एक आकडा आहे, ॲबे नंबर. जर्मनीतल्या येना गावात कार्ल झाईसबरोबर काम करणाऱ्या एर्न्स्ट ॲबेच्या नावावरून. आकडा जितका मोठा तितकं फाकणं कमी. चष्म्याची साधी काच आणि सीआर-३९, दोन्ही ५८च्या आसपास. पॉलिकार्बोनेट ३०. म्हणून नंबर मोठा असेल तर पॉलिकार्बोनेटच्या कडेनं बघताना वस्तूंना रंगीत किनार दिसते. मधून बघितलं तर त्रास नाही.

तिसरं, ट्रायव्हेक्स. २००१ मध्ये आलं. ॲबे नंबर ४३ ते ४५, वजनाला पॉलिकार्बोनेटपेक्षाही हलकं, माराला टिकाऊ. दोघांमधला मार्ग. अर्थात महाग.

म्हणजे किमतीचा पहिला घटक: काच कशाची. पण थांबा. एका शूटिंग चष्म्यात प्लास्टिक किती ग्रॅम असतं? दहा-वीस ग्रॅम. एवढ्याशा कच्च्या मालामुळे तीनशेचे तीन हजार होत नाहीत. मग?

पैसे जातात साच्यात आणि टेस्टिंगमध्ये

पॉलिकार्बोनेटचा चष्मा साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून बनतो. आपल्या एमआयडीसीत बादल्या बनतात तसाच, तत्त्व तेच. फरक असतो साच्याच्या पॉलिशमध्ये आणि थंड करायच्या वेळेत. घाईनं थंड केलं तर प्लास्टिकच्या आत ताण अडकून राहतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण नजर गढूळ होते, आणि मार लागला की तिथूनच तडा जातो. प्रत्येक नगाला थोडा जास्त वेळ देणं म्हणजे दिवसाला कमी नग. तिथे पैसा जातो.

दुसरं, गोलाई. शूटिंगचा चष्मा बाजूनं गुंडाळलेला असतो, म्हणजे कडेनं काही घुसू नये. पण अशी वाकलेली काच सगळीकडे सारख्या जाडीची ठेवली, तर नंबर शून्य असूनही समोरची वस्तू किंचित सरकलेली दिसते. ते टाळायला काच मध्यापासून कडेकडे हिशोबानं पातळ करत न्यावी लागते. स्वस्तात हे कुणी करत नाही. मग तासाभरात डोकं दुखतं, आणि आपण म्हणतो, उन्हामुळे दुखत असेल.

तिसरं, टेस्टिंग. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला हा भाग सगळ्यात आवडला, कारण इथे मतं नाहीत, आकडे आहेत.

अमेरिकेचं मानक आहे अँसी झेड८७.१. त्यात काचेवर 'झेड८७ प्लस' अशी खूण हवी असेल, तर पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला १५० फूट, म्हणजे जवळपास ४६ मीटर वेगानं काचेवर मारतात. शिवाय अर्धा किलोचं टोकदार वजन १२७ सेंटीमीटरवरून टाकतात. काच फुटता कामा नये, आणि हे महत्त्वाचं, फ्रेममधून निघताही कामा नये. युरोपात अनेक वर्षं चालत आलेलं मानक ईएन १६६. त्यात साध्या चष्म्यासाठी ४५ मीटर प्रति सेकंद ही पायरी आहे. भारताचंही आहे, आयएस ५९८३. आणि अमेरिकन लष्कराची चष्म्यांची चाचणी वेगळीच: छोटा पोलादी तुकडा, वेग सेकंदाला ६४० फुटांच्या वर, म्हणजे १९५ मीटरपेक्षा जास्त.

आता जरा गणित करू, घाबरू नका. झेड८७ प्लसच्या गोळीची ऊर्जा येते साधारण १ ज्यूल. लष्करी चाचणीतल्या तुकड्याची सुमारे ७ ज्यूल. आणि एअर पिस्तुलाचा छर्रा? ४.५ मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा, वेग १५० मीटर प्रति सेकंदाच्या जवळ. म्हणजे ५ ते ६ ज्यूल.

कळलं का? झेड८७ प्लसचा चष्मा सरळ येणाऱ्या छर्ऱ्यासाठी टेस्टच केलेला नाही. तो परत येणाऱ्या तुकड्यासाठी आहे, ज्याची बरीचशी ऊर्जा पत्र्यावर आपटून संपलेली असते. म्हणून चष्मा घातला म्हणजे आपण सुरक्षित, असं कुणी समजू नये. आधी रेंज सुरक्षित हवी, चष्मा ही शेवटची ओळ.

माझ्या मामेभावाच्या चष्म्यावर यातली एकही खूण नव्हती. फ्रेमवर 'टॅक्टिकल' लिहिलं होतं. टॅक्टिकल हे मानक नाही, विशेषण आहे.

चांगली बातमी अशी, की झेड८७ प्लसची खूण असलेला, ओळखीच्या सेफ्टी कंपनीचा चष्मा काही शेकड्यांपासून मिळतो. कारखान्यातले कामगार तेच घालतात, त्यामुळे लाखोंनी बनतात आणि स्वस्त पडतात. म्हणजे जीव वाचवणारा भाग महाग नाहीच. मग तीस हजार कशाचे?

पॅरिसचे दोन फोटो

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमधले दोन फोटो तुमच्या स्टेटसवर नक्की आले असतील. एक कोरियाची किम ये-जी. डोळ्यावर यंत्रासारखी धातूची फ्रेम, एका डोळ्यासमोर छोटं गोल भिंग, दुसऱ्यासमोर झाकण. सायन्स फिक्शन सिनेमातली वाटावी अशी. तिनं दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये रौप्य घेतलं. दुसरा तुर्कस्तानचा युसुफ दिकेच, वय ५१, एक हात खिशात, डोळ्यावर साधा चष्मा. त्यानं शेवाल इलायदा तारहानबरोबर मिश्र सांघिक रौप्य घेतलं. त्याच प्रकारात आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंगनं कांस्य घेतलं.

मीम बनले: 'बघा, काकांना काही लागत नाही.' पण खरी गोष्ट मीमपेक्षा जास्त मजेची आहे.

पिस्तूल धरल्यावर डोळ्याला तीन गोष्टी बघायच्या असतात. मागची खाच, पुढची साइट, जिला आपल्याकडे माशी म्हणतात, आणि दहा मीटरवरचं टार्गेट. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करू शकतो. नेमबाज माशी स्पष्ट ठेवतात, टार्गेट थोडं पुसट चालतं. माशी हाताच्या अंतरावर, साधारण पाऊण ते एक मीटरवर. विशीतला डोळा तिथे आरामात फोकस करतो. पन्नाशीतला नाही, कारण डोळ्यातलं भिंग तोवर कडक झालेलं असतं. म्हणून अनेक नेमबाज आपल्या दूरच्या नंबरात साधारण पाव ते पाऊण प्लस वाढवून घेतात, म्हणजे फोकस माशीकडे सरकतो. ही काच तुमच्या कोपऱ्यावरचा चष्मेवालासुद्धा बनवू शकतो!

मग किम ये-जीच्या फ्रेमवर एवढं काय असतं? एक, भिंग हवं तसं सरकवता आणि वाकवता येतं. रायफलवाल्यांना हे खरंच लागतं, कारण ते गाल बंदुकीला टेकवून, मान वाकवून, चष्म्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातून बघतात. तिथे साध्या चष्म्याची काच तिरकी पडते आणि प्रतिमा बिघडते. दोन, आयरिस, म्हणजे कॅमेऱ्यासारखं लहान-मोठं होणारं छिद्र. छिद्र लहान केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, पण अंधार वाढतो. तीन, दुसऱ्या डोळ्यासमोरचं झाकण. एक डोळा मिचकावून ठेवला की चेहऱ्याचे स्नायू थकतात, म्हणून तो उघडा ठेवून फक्त झाकतात. आंतरराष्ट्रीय नियमांत हे झाकण ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही.

अशा फ्रेम जर्मनी, स्वित्झर्लंडमधल्या छोट्या कंपन्या बनवतात. चॅम्पियन, क्नोब्लोख ही नावं रेंजवर ऐकू येतील. गिऱ्हाईक जगभरात मोजकं, बारीक धातूचे भाग, आयातीचा खर्च, कर, मधल्या विक्रेत्याचा नफा. सगळं मिळून सेट दहा हजारांच्या वर सहज जातो. इथे तुम्ही मुख्यतः अचूकपणे हलणाऱ्या भागांचे आणि कमी खपाचे पैसे देता. गंमत म्हणजे यातली बरीच छोटी गोल भिंगं सुरक्षेच्या दृष्टीनं डोळा पूर्ण झाकतही नाहीत. तीस हजारांची फ्रेम तीनशेच्या सेफ्टी चष्म्याचं काम करेलच असं नाही!

आणि ब्रँडची गोष्ट? रे-बॅन १९९९ मध्ये इटलीच्या लक्सॉटिकानं विकत घेतलं, ओकली २००७ मध्ये, आणि २०१८ मध्ये लक्सॉटिका फ्रान्सच्या एसिलोरमध्ये विलीन झाली. फ्रेम बनवणारे, काच बनवणारे आणि दुकानं चालवणारे एकाच छताखाली. स्पर्धा कमी असली की किमतीतला गोष्टीचा भाग फुगायला जागा मिळते.

कोल्हापूरकडून शिकण्यासारखं

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटलं की कोल्हापूर. तेजस्विनी सावंत, २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेती. राही सरनोबत, २०१८च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस, १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य. या प्रकारातलं भारताचं पहिलं ऑलिम्पिक पदक.

५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ किती मोठं असतं? १०.४ मिलिमीटर. पन्नास मीटरवरून! दहा मीटर एअर रायफलमध्ये तर दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. एअर पिस्तूलमध्ये ११.५ मिलिमीटर. या पातळीवर भिंग किंचित तिरकं असणं परवडत नाही, म्हणून त्या पातळीवर महाग फ्रेम हा थाट नसतो.

पण माझ्या मामेभावाचा छर्रा दहाच्या वर्तुळाच्या आसपासही जात नव्हता. त्याला प्रश्न वेगळा होता.

तर शेवटी काय घेतलं

भुवईचे टाके काढायला दवाखान्यात गेलो, तेव्हा मीच म्हटलं, आलोच आहोत तर डोळे तपासून घेऊ. आयुष्यात पहिल्यांदा त्याचे डोळे तपासले गेले. उजव्या डोळ्याला पाऊण सिलिंडर नंबर निघाला. म्हणजे एका दिशेच्या रेषा स्पष्ट, दुसऱ्या दिशेच्या किंचित पसरलेल्या. माशीची कड त्याला कधी नीट दिसलीच नव्हती! पोरगं समजत होतं, सगळ्यांना अशीच दिसते.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. आम्ही महिनाभर फ्रेमच्या किमतींवर भांडत होतो, आणि एकोणीस वर्षांत कुणी त्याला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं नव्हतं. आमच्या घरातल्या कुणीच नाही. मीही नाही.

शेवटी खरेदी अशी झाली. नंबरची काच पॉलिकार्बोनेटची, चष्मेवाल्याकडून, साध्या पण मोठ्या फ्रेममध्ये. वरून घालायला झेड८७ प्लस खूण असलेला पारदर्शक सेफ्टी चष्मा, पिवळा नाही. पिवळी काच प्रकाश वाढवत नाही, फक्त निळा कापते. बाहेर धुक्यात उपयोगी, अंधाऱ्या गोठ्यात नाही. डाव्या काचेवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, झाकण म्हणून. मोजून ३० मिलिमीटरच्या आत! आणि पत्र्यापुढे आता जुनी सतरंजी सैल टांगली आहे, म्हणजे छर्रा पत्र्याला लागायच्या आधीच मंदावतो आणि खाली पडतो. सगळा खर्च तीन हजारांच्या आत.

तुम्हाला घ्यायचा असेल तर तीन गोष्टी घरीच बघा. एक: चष्मा हातभर लांब धरून त्यातून खिडकीचा गज बघा आणि चष्मा हळू हलवा. शून्य नंबरच्या चष्म्यात गज वाकायला किंवा उडी मारायला नको. दोन: लॅपटॉपवर पूर्ण पांढरी स्क्रीन लावा, स्वतः पोलराइज्ड गॉगल घाला आणि मध्ये चष्मा धरा. रंगीत पट्टे दिसतील, तो आत अडकलेला ताण. कडेला थोडे असतातच, पण अगदी मधोमध दाट असतील तर सोडून द्या. तीन: मानकाची खूण काचेवर आणि फ्रेमवर, दोन्हीकडे शोधा. खूण खोटीही छापता येते, म्हणून विकणारा कोण आहे तेही बघा.

वर्ध्यातच मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योगांचं काम उभं केलं. बाजारातली किंमत वस्तूचं सगळं मोल सांगत नाही, हा त्यांचा मुद्दा. तिथलं मगन संग्रहालय १९३८ मध्ये सुरू झालं, अजूनही बघता येतं. सेवाग्रामला जाल तेव्हा तिकडेही चक्कर मारा. मामेभावाला मी तिथे नेणार आहे. त्याचं म्हणणं, "संग्रहालयात काय आहे दादा, त्यापेक्षा नागपूरच्या रेंजवर ने ना." दोन्ही करू म्हटलं.

हो, आणि गेल्या आठवड्यात त्यानं टार्गेटचा फोटो पाठवला. दहा छर्रे, दोन दहात. खाली मेसेज: "माशी दिसते आता."

एपिसोड आवडला तर पुढे पाठवा. आणि घरात कुणाचे डोळे कधीच तपासले नसतील तर आधी ते करा, शेअर नंतर करा.